म्हशीची नोंद झाली, गवळ्याची राहिली

2023च्या सुरुवातीला कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोने काही नव्या देशी जातींना मान्यता दिली. त्यांत वऱ्हाडातली पूर्णाथडी म्हैस होती. अकोला, अमरावती, बुलडाणा जिल्ह्यांत, मूर्तिजापूर तालुक्यातून जाणाऱ्या पूर्णा नदीच्या आसपास, ही पांढुरक्या ते फिकट तपकिरी रंगाची मध्यम बांध्याची म्हैस पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली गेली. मान्यता उशिरा का होईना, मिळाली याचा आनंदच आहे. पण जातीच्या नोंदीत मुख्यतः येतात ते रंग, शिंगं, बांधा आणि दूध. कोणत्या म्हशीची पारडी घरी ठेवायची, कळपात कोणता रेडा राखायचा, वैशाखात ढोरं कोणत्या डोहावर न्यायची, हे ज्या कुटुंबांनी ठरवलं त्यांचं जगणं त्यात नाही. ही जात प्रयोगशाळेत तयार झालेली नाही, ती याच निर्णयांतून घडली आहे. म्हणून माणसांशिवाय केलेली जनावराची नोंद अर्धीच राहते.

उरलेली अर्धी नोंद तातडीने का करायची, हे इथल्या शिवारात फिरलं तरी दिसतं. खारपाणपट्ट्यात विहिरीचं पाणी खारट, शेती पावसाच्या भरवशावर. अशा मुलखात ढोरं दोन गोष्टींवर जगली, ज्वारीचा कडबा आणि गावची ई-क्लास, म्हणजे चराईची सरकारी जमीन. ज्वारीच्या जागी सोयाबीन आलं आणि कडब्याच्या गंज्या ओसरल्या. सोयाबीनचं कुटार मिळतं, पण त्याला कडब्याची सर नाही. ई-क्लासवर अतिक्रमणं झाली, वस्त्या आल्या. विकतच्या सरकी ढेपेवर कळप पोसणं लहान गवळ्याला परवडत नाही. तो आधी म्हशी कमी करतो, मग मुलगा शहरात कामाला जातो, आणि कोणत्या वाटेनं ढोरं कुठं जात होती हे सांगणारा गायकी, म्हणजे गुराखी, गावात उरत नाही. ज्या दापुऱ्यात गाडगेबाबांनी लहानपणी मामाकडे गुरं राखली, ते मूर्तिजापूर तालुक्यातलंच. ती गुराखीपणाची वर्षं आपल्याला माहीत आहेत, कारण पुढे ते गाडगेबाबा झाले. बाकीच्या हजारो गुराख्यांबद्दल कोणी दोन ओळी लिहिल्या नाहीत.

अशी नोंद करण्यावर एक आक्षेप येतो, आणि तो गंभीर आहे. गुरं राखणं हे जातीनं वाट्याला आलेलं, कष्टाचं, बहुतेकदा गरिबीचं काम. ते जपा म्हणणं म्हणजे गवळ्याच्या पोरानं म्हशीमागेच राहावं असं म्हणणं नव्हे का? तसं होता कामा नये. मुलांनी शिकावं, हवं ते काम करावं. परंतु लिहून ठेवल्यानं कोणी बांधलं जात नाही. उलट नोंद नसली, किंवा ती दुसऱ्यानंच केली, की काय होतं हे विदर्भानं पाहिलं आहे. रसेल आणि हिरालाल यांनी 1916 साली मध्य प्रांतातल्या जातीजमातींवर चार खंड प्रसिद्ध केले. त्यांत गुराखी समाज आहेत, पण वर्गीकरण करणाऱ्या अधिकाऱ्याच्या नजरेतून. गुरं राखणाऱ्या गोवारी समाजाचा लढा अनुसूचित जमातींच्या यादीतल्या एका नोंदीभोवती फिरत राहिला. 23 नोव्हेंबर 1994 रोजी नागपुरात त्यांच्या मोर्च्यात चेंगराचेंगरी होऊन 114 माणसं गेली. नोंद म्हणजे हौस नव्हे, हे यापेक्षा ठळकपणे सांगता येणार नाही. ती जगणाऱ्याच्या तोंडून, कर्ज, आजार, भांडणं आणि बायकांचे कष्ट यांसकट व्हायला हवी. दूध काढण्यापासून दही, लोणी, तुपापर्यंतचं काम बाईचं, आणि नाव मात्र पुरुषाचं. हेही लिहिलं जावं.

जास्त दूध देणारी मुऱ्हा म्हैस असताना पूर्णाथडी कशाला, हा दुसरा प्रश्न. पण मुऱ्हाला खुराक मुबलक लागतो. वऱ्हाडच्या उन्हाळ्यात निकृष्ट चाऱ्यावर टिकण्याचा पूर्णाथडीचा गुण दुधाच्या आकड्यात मोजला जात नाही.

ऑक्टोबर 2024 मध्ये सुरू झालेल्या 21व्या पशुगणनेत पशुपालक समाजांची माहिती पहिल्यांदाच स्वतंत्रपणे घेण्याचं ठरलं, आणि संयुक्त राष्ट्रांनी 2026 हे वर्ष गवताळ कुरणं व पशुपालकांसाठी जाहीर केलं आहे. पण गणनेतून आकडे मिळतील, वाटा आणि डोह नाहीत. त्यासाठी साधन गावातच आहे: 2002च्या जैवविविधता कायद्याखालची लोक जैवविविधता नोंदवही. मूर्तिजापूर तालुक्यातल्या ग्रामपंचायतींनी ती उघडावी, अकोल्याच्या कृषी विद्यापीठातल्या आणि पशुवैद्यक संस्थेतल्या विद्यार्थ्यांना सोबत घ्यावं, आणि पहिली पानं गावातल्या सर्वांत वयस्क गवळ्याला व गवळणीला विचारून भरावीत.