कापलेल्या पैशांचा हिशोब

वीस हजार पगार ठरलेल्या कामगाराच्या खात्यात १८,२१० रुपये जमा होतात आणि १,७९० ‘कापले’ एवढेच त्याला कळते. या एका शब्दाने घरच्या हिशोबात मोठी गल्लत होते. पगारपत्रक नीट वाचले तर चित्र वेगळे दिसते. मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून १२,००० असतील, तर त्याचे १२ टक्के, म्हणजे १,४४० रुपये पीएफमध्ये जातात. एकूण पगाराचे ०.७५ टक्के, म्हणजे १५० रुपये राज्य कामगार विम्यात, म्हणजे ईएसआयमध्ये जातात. उरलेले २०० व्यवसाय कराचे. (हा कर फेब्रुवारीत ३०० होतो, म्हणजे वर्षाचे २,५०० भरतात, राज्यघटनेने घातलेली मर्यादाही तेवढीच आहे. महाराष्ट्रात महिना २५,००० पर्यंत पगार असलेल्या स्त्रियांना तो लागत नाही.) यातला कायमचा गेलेला पैसा हा कराचाच. दीडशे रुपये हा घरच्यांसकट सगळ्यांच्या औषधपाण्याचा विमा आहे आणि १,४४० ही स्वतःचीच बचत.

शिवाय मालकही १२ टक्के भरतो. त्यातले सुमारे १,००० पेन्शन योजनेत जातात आणि ४४० पीएफ खात्यात. म्हणजे खात्यात महिन्याला १,८८० आणि वर्षाला २२,५६० पडतात, व्याज वेगळे. २०२४-२५ साठी ते ८.२५ टक्के होते. हातात पडणाऱ्या एका महिन्याच्या पगाराहून ही रक्कम जास्त आहे. तेव्हा ‘आमची काही बचतच होत नाही’ हे म्हणणे बरोबर नाही. अडचण दुसरीच आहे: ही बचत लांबच्या काळासाठी बांधलेली असते आणि जूनमधली वह्या-पुस्तके, दिवाळी, गावी जाण्याचे भाडे तिच्यातून निघत नाही. हे खर्च अचानक येत नाहीत, दरवर्षी ठरल्या वेळी येतात; तरी महिन्याच्या हिशोबात त्यांना जागा नसते आणि मग उसनवारी होते. हे सारे वर्षाला २४,००० होत असतील तर दर महिन्याला २,००० बाजूला पडायला हवेत आणि घर १६,२१० मध्ये बसवायला हवे. मुंबई-पुण्याच्या भाड्यात हे कठीण आहे, हे मान्यच. पण कठीण म्हणून तो आकडा न मांडला तर तो खर्च टळत नाही, फक्त सावकाराच्या वहीत जातो.

यावर कोणी म्हणेल, पीएफ कापूच नका, ते पैसे हातात द्या, कर्ज तरी फिटेल. महिन्याला ३ टक्क्यांनी घेतलेले कर्ज वर्षाला ३६ टक्के पडते, त्यापुढे ८.२५ टक्के काहीच नाही, हे गणित खरे आहे. म्हणूनच भिशी किंवा आरडीत जास्तीचे पैसे घालण्याआधी असे कर्ज फेडावे. पण पीएफमध्ये व्याजापलीकडचेही काही आहे: नोकरीत असताना सदस्य दगावला तर वारसाला विम्याचे ७ लाखांपर्यंत आणि पत्नीला पेन्शन मिळू शकते. नुसते १,४४० हातात घेतले तर हे संरक्षण सोबत येत नाही. ईएसआयच्या दवाखान्यातल्या रांगांची तक्रार खोटी नाही. तरी आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत पगाराच्या ७० टक्के भत्ता मिळू शकतो, हे रांगेला कंटाळून विसरू नये.

खरा धोका दोन ठिकाणी आहे. नोकरी बदलताना पीएफ आणि पेन्शनचे पैसे काढून घेतले की सेवेची वर्षे पुन्हा शून्यापासून मोजली जातात, आणि महिन्याची पेन्शन मिळायला १० वर्षे लागतात. त्यामुळे खाते नव्या मालकाकडे वर्ग करून घ्यावे. दुसरा धोका म्हणजे कापलेले पैसे मालकाने भरलेच नाहीत तर. पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत ते भरायचे असतात, म्हणून त्यानंतर यूएएन, म्हणजे पीएफचा आपला कायमचा क्रमांक, वापरून पासबुकात नोंद दिसते का ते दर महिन्याला पाहावे. नसेल तर आधी पगार विभागात विचारावे आणि तिथे उत्तर मिळाले नाही तर पगारपत्रके घेऊन पीएफ कार्यालयात लेखी तक्रार द्यावी.