हीटर प्लग का अडून बसतो?

भिवंडीत डिझेल गाडीचा हीटर प्लग बंद पडला, तर मालकाला त्याचा पत्ताही लागत नाही. खाडीकाठच्या या शहरात जानेवारीची पहाटही बहुधा १५ अंशांच्या वरच असते. चारांपैकी एक-दोन प्लग गेले, तरी जुनी सुमो किंवा इंडिका जरा जास्त सेल्फ मारल्यावर, थोडा पांढरा धूर सोडून सुरू होते. गाडीचे वय झाले, एवढाच अर्थ मालक त्यातून काढतो. मग डिसेंबरात एखाद्या लग्नासाठी हीच गाडी कसारा घाट चढून निफाडला जाते. तिथल्या कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावर अनेक हिवाळ्यांत पारा ५ अंशांखाली नोंदला गेला आहे. सकाळी सेल्फ फिरत राहतो, बॅटरी उतरते, इंजिन मात्र पेट घेत नाही. परत आल्यावर मेस्त्री प्लग काढायला जातो, तर प्लग जागचा हलत नाही. प्लग मरतो कोकणात आणि कळतो देशावर. मधल्या काळात तो हेडमध्ये जाम होऊन बसलेला असतो.

ठिणगीविना आग

रुडॉल्फ डिझेल यांनी १८९७ साली जर्मनीतल्या ऑग्सबर्गमध्ये आपले इंजिन चालवून दाखवले, तेव्हापासून त्याचे मूळ तत्त्व बदललेले नाही. हवा इतकी दाबायची की ती आपोआप तापावी आणि त्या तापलेल्या हवेत इंधन फवारावे. सायकलच्या पंपाने हवा भरताना पंपाचा तळ गरम होतो, तोच हा प्रकार.

१९९४ ची सुरुवातीची सुमो, १९९८ ची इंडिका आणि डिझेलवरची अँबॅसडर या गाड्यांत इंधन थेट सिलिंडरमध्ये न जाता आधी हेडमधल्या एका लहान कप्प्यात फवारले जाते. अशा इंजिनात हवा साधारण २२ पट दाबली जाते. उष्णतेची थोडी गळती धरून हिशेब केला, तर ३० अंशांची हवा दाबल्यावर ६२० अंशांच्या आसपास पोचते आणि ५ अंशांची ५४५ पर्यंत. म्हणजे बाहेरच्या २५ अंशांच्या फरकाचा आत ७५ अंशांचा फरक होतो.

हा झाला धावत्या इंजिनाचा हिशेब. सेल्फवर इंजिन मिनिटाला जेमतेम दोनशे फेरे घेते. हवा सावकाश दाबली जाते, थंड भिंती तिची उष्णता शोषतात, झिजलेल्या रिंगांमधून ती गळतेही. यात दोनशे अंश सहज जाऊ शकतात. प्रयोगशाळेत डिझेल सव्वादोनशे अंशांच्या आसपास आपोआप पेटते, पण तिथे त्याला सवड असते. सिलिंडरमध्ये फवारलेल्या थेंबाची वाफ होऊन ती पेटायला काही मिलिसेकंदच मिळतात. तेवढ्यात काम झाले नाही, तर न जळलेले डिझेल पांढरा धूर होऊन नळीतून बाहेर पडते.

इथे एक प्रश्न पडतो. भिवंडीजवळच्या माणकोलीच्या गोदामांसमोर रात्रभर उभ्या राहणाऱ्या बहुतेक मोठ्या ट्रकांना हीटर प्लगच नसतात. ते कसे सुरू होतात? उत्तर भूमितीत आहे. सिलिंडर लांबी-रुंदीने दुप्पट केला, तर त्यात आठपट हवा मावते, पण भिंतीचे क्षेत्रफळ चौपटच होते. मोठ्या सिलिंडरमधली हवा त्या मानाने कमी उष्णता गमावते. शिवाय ट्रकच्या इंजिनात इंधन थेट सिलिंडरमध्येच जाते. छोट्या गाडीच्या छोट्या कप्प्यात मात्र हवा थोडी आणि भिंत फार. म्हणून तिथे निखाऱ्याची गरज पडते.

बोटाएवढी भट्टी

हा निखारा म्हणजे हीटर प्लग. त्याचे टोक निकेलच्या मिश्रधातूची बारीक नळी असते. नळीत तारेची दोन वेटोळी आणि त्यांच्याभोवती ठासून भरलेली मॅग्नेशियम ऑक्साइडची पूड. ही पूड उष्णता बाहेर नेते, वीज मात्र अडवते. पुढचे वेटोळे तापण्यासाठी असते. मागच्याचा रोध तापल्यावर वाढतो आणि प्रवाह आपोआप घटतो. चावी फिरवताच एकेक प्लग पंधरा-वीस अँपिअर ओढतो, मग आठ-दहावर स्थिरावतो. काही सेकंदांत टोक ८५० अंशांच्या पुढे जाते. ही स्वयंनियंत्रणाची युक्ती कोणत्याही इलेक्ट्रॉनिक्सशिवाय चालते.

तो अडकतो कशाने

प्लगचे अंग पोलादाचे असते आणि अनेक गाड्यांचे हेड अॅल्युमिनिअमचे. दोन वेगळे धातू आणि मध्ये खारट ओल, एवढ्यावर विजेचा एक सूक्ष्म घट तयार होतो. त्यात अॅल्युमिनिअमचा बळी जातो. पावसाचे आणि गाडी धुतानाचे पाणी प्लगभोवतीच्या खळग्यात साचते, खाडीची हवा त्यात भर घालते. गंजाला मूळ धातूपेक्षा जास्त जागा लागते. लोखंडाचा गंज तर दुपटीहून अधिक फुगतो. आट्यांमधली फट मग पाचरीसारखी आवळली जाते.

दुसरे कारण आतल्या बाजूचे. प्लगचे टोक आणि भोवतालचे भोक यांत अगदी थोडी फट असते. तिथे काजळी साचून दगडासारखी घट्ट होते. मेलेला प्लग तापत नाही, थंड इंजिनात इंधन अर्धवट जळते आणि काजळी आणखी वाढते. तिसरे कारण म्हणजे प्लगची वीज चालू-बंद करणारा रिले चिकटून प्लग सतत तापत राहणे. अशा वेळी टोक फुगते आणि आटे सुटले तरी ते भोकातून बाहेर येत नाही.

बारा किलोंची मर्यादा

ट्रकच्या चाकांचे नट पाचशे-सहाशे न्यूटन-मीटर पिळाने आवळलेले असतात, त्यामुळे पान्याला पाइप लावण्याची सवय गॅरेजमध्ये सर्रास असते. हीटर प्लगला ती घातक ठरते. प्लग आतून पोकळ असतो. १० मिलिमीटर आट्यांचा प्लग सुमारे ३५ न्यूटन-मीटरला मोडतो आणि ८ मिलिमीटरचा २० लाच. फूटभर लांब पान्याच्या टोकाशी १२ किलोंचा जोर म्हणजे ३५ न्यूटन-मीटर. पाइप लावून पाना दुप्पट लांब केला, तर ६ किलो पुरतात. मोडलेला प्लग ड्रिलने काढावा लागतो. त्याचा तुकडा आत पडला, तर हेड उतरवण्याची वेळ येते. काहीशे रुपयांचे काम मग काही हजारांवर जाते.

ताकदीऐवजी इथे उष्णता आणि वेळ उपयोगी पडतात. आधी प्लगभोवतीची धूळ हवेच्या झोताने उडवावी. गंज सोडवणारे तेल आट्यांच्या मुळाशी सोडून रात्रभर ठेवावे आणि दोन-तीन दिवस तेच करावे. रोज गाडी चालली, तर तापण्या-निवण्याच्या फेऱ्यांत तेल केशाकर्षणाने आत झिरपत जाते.

मग इंजिन पूर्ण तापवावे. त्याच तापमानवाढीत अॅल्युमिनिअम पोलादाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावते. इंजिन ६० अंशांनी तापले, तर १० मिलिमीटरच्या भोकात आणि प्लगमध्ये सुमारे साडेसहा मायक्रॉनचा जास्तीचा फरक पडतो. केसाच्या जाडीचा हा जेमतेम दहावा भाग, पण गंजाची पकड ढिली व्हायला तो हातभार लावतो. जुना १२ व्होल्टचा प्लग जिवंत असेल, तर वेगळ्या तारेने त्याला चार-पाच मिनिटे वीज द्यावी. टोकाभोवतीची काजळी जळून मोकळी होते.

आता खोल गोटी आणि टॉर्क पाना घ्यावा. पान्याचा पीळ प्लग मोडण्याच्या मर्यादेच्या बराच खाली ठेवावा. प्लग किंचित सुटला की लगेच ओढून काढू नये. पाव फेरा सैल, पुन्हा थोडा घट्ट, पुन्हा सैल, असे करत गंजाचा चुरा होऊ द्यावा. हलत नसेल, तर थांबून पुन्हा तेल सोडावे. प्लग निघाल्यावर भोकातली काजळी त्या मापाच्या रीमरने काढावी. रीमरला ग्रीस लावले की चुरा त्याला चिकटून येतो. नंतर प्लग न बसवता दोन-चार वेळा सेल्फ मारला, तर उरलेला कचरा बाहेर फेकला जातो. इंधन बंद ठेवून आणि चेहरा लांब ठेवूनच हे करावे.

नवा प्लग १० मिलिमीटरचा असेल, तर १२ ते १८ न्यूटन-मीटर पुरे. आट्यांना ग्रीस लावल्यास घर्षण घटते आणि त्याच पिळात प्लग जास्त आवळला जातो, म्हणून तेव्हा आकडा खालचाच धरावा.

मारुतीने एप्रिल २०२० पासून डिझेल गाड्या बनवणे थांबवले आणि छोट्या डिझेल गाड्यांचा जमाना ओसरत चालला आहे. रस्त्यावर उरलेल्या जुन्या गाड्यांच्या मालकांनी दरवर्षी दिवाळीपूर्वी मल्टिमीटरने चारही प्लग तपासून घ्यावेत. रोध सुमारे एक ओहम दिसला तर प्लग चांगला, काहीच दिसले नाही तर मेलेला. मेलेला प्लग त्याच आठवड्यात बदलावा. गाडी सुरू होतेय म्हणून त्याला पुढचा पावसाळा दाखवू नये.