महाराष्ट्रातील मानवी भ्रूणीय मूलपेशीवंश

मानवी भ्रूणीय मूलपेशीवंश म्हणजे गर्भाशयाबाहेर वाढवलेल्या, साधारण पाच ते सहा दिवसांच्या मानवी भ्रूणातून काढलेल्या आणि प्रयोगशाळेत अविभेदित अवस्थेत दीर्घकाळ वाढत राहणाऱ्या पेशींची परंपरा होय. प्रयोगशाळांच्या बोलीत तिला 'सेल लाइन' म्हणतात. या पेशींपासून तत्त्वतः शरीरातील कोणत्याही प्रकारची पेशी तयार होऊ शकते. महाराष्ट्रात असे पेशीवंश प्रामुख्याने मुंबई परिसरात निर्माण झाले. नवी मुंबईतील रिलायन्स लाइफ सायन्सेस ही खाजगी कंपनी आणि परळ येथील राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्था ही दोन त्यांची प्रमुख ठिकाणे आहेत.

भ्रूणापासून पेशीवंशापर्यंत

वंध्यत्वावरील उपचारात स्त्रीबीज व शुक्राणू यांचे शरीराबाहेर फलन केले जाते. एका खेपेस अनेक भ्रूण तयार होतात. त्यांपैकी एक-दोनच गर्भाशयात सोडले जातात आणि उरलेले द्रव नायट्रोजनमध्ये उणे १९६ अंश सेल्सिअस तापमानास गोठवून ठेवतात. अपत्यप्राप्ती झाल्यावर दांपत्याला नको असलेले, किंवा गुणवत्ता कमी असल्याने रोपणास अयोग्य ठरलेले भ्रूण हाच पेशीवंशनिर्मितीचा कच्चा माल असतो.

पाचव्या-सहाव्या दिवशी भ्रूण 'ब्लास्टोसिस्ट' या अवस्थेस पोहोचतो. मराठी परिभाषेत तिला कोरकपुटी म्हणतात. ती द्रवाने भरलेली पोकळ गोळी असते. तिच्या बाहेरील थरापासून पुढे वार तयार होते, तर आतील एका बाजूस चिकटलेल्या अंतःपेशीपुंजापासून गर्भाचे शरीर घडते. हा पुंज अलग करणे ही पहिली पायरी. त्यासाठी भ्रूणाभोवतीचे पारदर्शक कवच विकरांनी विरघळवतात. त्यानंतर बाहेरील थर प्रतिपिंडे व पूरक प्रथिने वापरून नष्ट करतात किंवा लेझरने अथवा सूक्ष्म सुईने कापून काढतात. भ्रूणाचे अस्तित्व येथेच संपते, आणि या विषयावरील सर्व नैतिक वादाचे मूळ याच टप्प्यात आहे.

वेगळा केलेला पुंज 'फीडर' पेशींच्या थरावर ठेवतात. फीडर पेशींचे विभाजन किरणोत्साराने किंवा मायटोमायसिन या औषधाने आधीच थांबवलेले असते. त्या स्वतः वाढत नाहीत, परंतु मूलपेशींना आधार व आवश्यक स्राव पुरवतात. सुरुवातीच्या काळात उंदराच्या भ्रूणातील तंतुजनक पेशी या कामी वापरल्या जात. त्यामुळे मानवी पेशींत प्राण्याचे रेणू शिरत आणि उपचारासाठी त्यांचा उपयोग अडचणीचा ठरे. मानवी फीडर वापरण्याकडे संशोधक वळले त्यामागे हे एक महत्त्वाचे कारण होते.

एक-दोन आठवड्यांत पुंजातून वाढलेल्या पेशींचे तुकडे करून ते नव्या थरावर पसरतात. या क्रियेला पॅसेज म्हणतात. पुढे दर आठवड्याच्या आसपास ती करावी लागते आणि पोषक द्रव बहुधा रोज बदलावा लागतो. मानवी भ्रूणीय मूलपेशी एकएकट्या सुट्या झाल्या की मोठ्या प्रमाणात मरतात. म्हणून सुरुवातीच्या काळात सूक्ष्मदर्शकाखाली वसाहतींचे तुकडे हाताने कापण्याचे कष्टाचे काम करावे लागे. वसाहतीच्या कडा विस्कटू लागल्या, की पेशी आपली मूळ अवस्था सोडून विभेदित होऊ लागल्याचे समजते.

एवढ्याने पेशीवंश सिद्ध होत नाही. पेशी कित्येक महिने न थकता वाढल्या पाहिजेत आणि गुणसूत्रे ४६ व सुस्थितीत राहिली पाहिजेत. ऑक्ट-४, नॅनॉग यांसारखे चिन्हक रेणू त्यांच्यात आढळले पाहिजेत. शिवाय त्यांच्यापासून भ्रूणाच्या तिन्ही जननस्तरांतील ऊती तयार होतात हे दाखवावे लागते. त्यासाठी पेशी बहुधा प्रतिकारशक्ती नसलेल्या उंदरात टोचतात. तेथे वाढणाऱ्या टेराटोमा या गाठीत चेतापेशी, स्नायू, कूर्चा, आतड्याचे अस्तर अशा भिन्न ऊती एकत्र दिसतात. विस्कॉन्सिन विद्यापीठात जेम्स थॉमसन व सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये जगातील पहिले मानवी भ्रूणीय पेशीवंश प्रसिद्ध केले. त्यांच्याकडील ३६ भ्रूणांपैकी २० ब्लास्टोसिस्ट अवस्थेस पोहोचले, १४ मधून अंतःपेशीपुंज अलग करता आला आणि ५ पेशीवंश हाती लागले. प्रारंभ केलेली निर्मिती आणि सिद्ध झालेला पेशीवंश यांत किती अंतर असते, हे या आकड्यांवरून कळते.

२००१ ची यादी

हे अंतर भारताच्या बाबतीत जाहीरपणे समोर आले. अमेरिकेचे अध्यक्ष जॉर्ज डब्ल्यू. बुश यांनी ९ ऑगस्ट २००१ रोजी एक धोरण जाहीर केले. त्या रात्री नऊ वाजेपर्यंत, म्हणजे भारतीय वेळेनुसार १० ऑगस्टच्या सकाळी साडेसहापर्यंत, निर्मिती सुरू झालेल्या पेशीवंशांवरील संशोधनालाच अमेरिकी संघराज्याचा निधी मिळणार होता. त्याच महिन्यात अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने अशा ६४ पेशीवंशांची यादी प्रसिद्ध केली. तीत मुंबईच्या रिलायन्स लाइफ सायन्सेसचे ७ आणि बंगळूरच्या राष्ट्रीय जैवविज्ञान केंद्राचे ३ होते. जगातील मोजक्या दहा प्रयोगशाळांत भारतातील दोन असल्याने ही बातमी देशात मोठी ठरली. रिलायन्सच्या या कामाशी जसलोक रुग्णालयातील वंध्यत्वतज्ज्ञ डॉ. फिरुझा पारीख यांचे नाव जोडलेले होते.

निकष मात्र भ्रूण नष्ट करून प्रक्रिया सुरू झाली असण्याचा होता, पेशीवंश सिद्ध झाला असण्याचा नव्हता. त्यामुळे यादीतील अनेक नोंदी प्रत्यक्षात अर्धवट वाढलेल्या वसाहती होत्या. पुढील काही वर्षांत या धोरणाखाली संशोधकांना खरोखर मिळू शकणारे पेशीवंश सुमारे एकवीसच राहिले. भारतातील दहांपैकी एकही त्यांत नव्हता. वृत्तपत्रांतून गाजलेला दहाचा आकडा हा भारताकडील पेशीवंशांचा आकडा मानणे म्हणूनच चुकीचे आहे, जरी तो आजही अनेक लेखांत तसाच उद्धृत होतो. रिलायन्सच्या संशोधकांनी स्वतःच्या पेशीवंशाचे सविस्तर गुणवर्णन २००६ मध्ये 'डिफरन्शिएशन' या नियतकालिकात प्रसिद्ध केले. तो 'रेलिसेल एचईएस-१' या नावाने ओळखला जातो.

परळ येथील किंड पेशीवंश

परळची राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्था ही भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची संस्था असून ती केईएम रुग्णालयाच्या शेजारी आहे. याच संस्थेच्या व केईएमच्या सहकार्यातून ६ ऑगस्ट १९८६ रोजी डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या उपचाराने टेस्ट ट्यूब बेबीचा जन्म झाला होता. शास्त्रीय नोंदी असलेली ती भारतातील पहिली मानली जाते. कोलकात्यात डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांनी १९७८ मध्येच हे साध्य केले होते, परंतु त्यांच्या कामाला मान्यता मिळण्यास फार उशीर झाला. सुमारे दोन दशकांनंतर भ्रूणीय मूलपेशींच्या कामातही परळची संस्था व डॉ. हिंदुजा पुन्हा एकत्र आल्या.

डॉ. दीपा भारतीय यांच्या गटाने निर्माण केलेल्या 'किंड-१' व 'किंड-२' या दोन पेशीवंशांचे वर्णन २००९ मध्ये 'स्टेम सेल्स अँड डेव्हलपमेंट' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. लेखकांत डॉ. हिंदुजा यांच्यासह मुंबईतील अन्य वंध्यत्वतज्ज्ञही होते. या कामाचे वैशिष्ट्य म्हणजे फीडर पेशी उंदराच्या नव्हत्या, तर संस्थेतच तयार केलेल्या मानवी पेशी होत्या. पुढे या पेशींपासून हृदय व स्वादुपिंडाच्या पूर्वज पेशी मिळवण्याचे प्रयोग झाले. त्याच वर्षी बंगळूरच्या जवाहरलाल नेहरू प्रगत वैज्ञानिक संशोधन केंद्रात मनीषा इनामदार यांच्या गटाने निकृष्ट प्रतीच्या, टाकाऊ ठरलेल्या भ्रूणांपासून दोन भावंड पेशीवंश मिळवल्याचे प्रसिद्ध केले.

भारतीय पेशीवंशांचे महत्त्व राष्ट्रीय अभिमानापुरते नाही. सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या पेशीवंशांचा वंशमूळ शोधणारा एक अभ्यास २०१० मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये आला. त्यात बहुतेक पेशीवंश युरोपीय व मध्यपूर्वेतील वंशाचे आढळले. औषधांची विषाक्तता तपासताना किंवा प्रत्यारोपणासाठी ऊतींचा मेळ बसवताना ही उणीव जाणवते, कारण ऊतिसुसंगतीची जनुके लोकसमूहागणिक बदलतात.

देणगी, संमती आणि कायदा

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद व जैवतंत्रज्ञान विभाग यांनी २००७ मध्ये मूलपेशी संशोधन व उपचारांसाठी मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. त्यांच्या सुधारित आवृत्त्या २०१३ व २०१७ मध्ये आल्या. वंध्यत्व उपचारातील अतिरिक्त भ्रूणांपासून पेशीवंश निर्माण करण्यास संस्थास्तरीय मूलपेशी संशोधन समितीच्या मंजुरीने परवानगी आहे. संशोधनासाठीच मुद्दाम भ्रूण निर्माण करणे निर्बंधित गटात मोडते. चौदा दिवसांपलीकडे, किंवा आद्य रेषा दिसू लागल्यानंतर, अखंड मानवी भ्रूण वाढवण्यास बंदी आहे.

दात्या दांपत्याची लेखी संमती आवश्यक असते व भ्रूणाचा मोबदला देता येत नाही. दांपत्यावर उपचार करणारा डॉक्टर आणि पेशीवंश काढणारा संशोधक या भिन्न व्यक्ती असाव्यात अशी अपेक्षा आहे. या अटीला व्यवहारात मोठा अर्थ आहे. उपचारासाठी डॉक्टरांवर पूर्णतः विसंबून असलेल्या दांपत्याला त्यांच्याच विनंतीला नकार देणे अवघड असते.

सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञान (नियमन) अधिनियम, २०२१ मुळे काही बाबींना कायद्याचे बळ मिळाले. भ्रूण कमाल दहा वर्षे साठवता येतात. त्यानंतर ते नष्ट होऊ द्यावे लागतात किंवा दांपत्याच्या संमतीने नोंदणीकृत संशोधन संस्थेस द्यावे लागतात. संशोधनासाठी भ्रूण वा जननपेशी भारताबाहेर पाठवण्यास पूर्ण मनाई आहे.

पुणे व पिंपरी-चिंचवड परिसर

पुण्यातील मूलपेशी संशोधनाचा भर मुख्यतः प्रौढ ऊतींतील पेशींवर आहे. गणेशखिंड येथील राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्र देशभरातील संशोधकांना विविध पेशीवंश पुरवते आणि तेथे रक्तजनक मूलपेशींवर दीर्घकाळ काम झाले आहे. पिंपरीतील डॉ. डी. वाय. पाटील विद्यापीठात दंतगर सारख्या ऊतींतील मूलपेशींवर संशोधन होते. अशा पेशींसाठी भ्रूण लागत नाही. मात्र त्यांची विभेदनक्षमता भ्रूणीय पेशींच्या तुलनेत मर्यादित असते.

उपचारांची स्थिती

भ्रूणीय पेशी जशाच्या तशा रुग्णाला देता येत नाहीत, कारण अविभेदित पेशी शरीरात टेराटोमा निर्माण करू शकतात. आधी त्यांचे इच्छित पेशींत रूपांतर करावे लागते. अशा पेशींची पहिली चाचणी अमेरिकेत गेरॉन या कंपनीने २०१० मध्ये मज्जारज्जूच्या दुखापतीसाठी सुरू केली व पुढील वर्षी थांबवली. विस्कॉन्सिनच्या १९९८ मधील पाचांपैकी एच-९ या पेशीवंशापासून बनवलेल्या डोपामीन-चेतापेशी कंपवाताच्या १२ रुग्णांत रोपण केल्याचे निष्कर्ष २०२५ मध्ये 'नेचर'ने प्रसिद्ध केले. हा सुरक्षितता तपासणारा पहिला टप्पा होता.

भारतात २०१७ च्या तत्त्वांनुसार रक्तविकारांसारख्या मान्य आजारांसाठीचे रक्तजनक मूलपेशींचे प्रत्यारोपण एवढाच स्वीकृत उपचार आहे. स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, मधुमेह, मज्जारज्जूची इजा यांवर मूलपेशी देणे केवळ मान्यताप्राप्त चाचणीतच चालते आणि अशा चाचणीत सहभागाचे शुल्क रुग्णाकडून घेता येत नाही. पैसे घेऊन दिला जाणारा 'स्टेम सेल उपचार' भ्रूणीय पेशींचा असो वा रुग्णाच्याच चरबीतून काढलेल्या पेशींचा, या मर्यादेबाहेर असल्यास तो सिद्ध उपचार ठरत नाही.