न खोदता जमिनीच्या पोटात!

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगर हादरले. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात हजारो माणसे झोपेतच ढिगाऱ्याखाली गाडली गेली. दोन्ही वेळी प्रश्न एकच होता : पायाखाली आहे तरी काय?

उत्तर शोधणे सोपे नव्हते. महाराष्ट्राचा बहुतेक भाग सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाने, म्हणजे आपल्या ओळखीच्या काळ्या पाषाणाने झाकलेला आहे. त्याखालचे भूकवच दिसत नाही आणि जागोजागी खोल खोदणे परवडत नाही. मग शास्त्रज्ञ जमीन चक्क 'तोलून' पाहतात!

खाली जड खडक असेल, तर तिथे गुरुत्वाकर्षण किंचित जास्त भरते. हलका खडक वा गाळ असेल, तर किंचित कमी. हा फरक मिलिगॅलमध्ये मोजतात. एका मिलिगॅलने साठ किलोच्या माणसाच्या वजनात जेमतेम साठ मिलिग्रॅमचा फरक पडतो! उपकरण मीटरभर उंच नेले, तरी आकडा ०.३ मिलिगॅलने बदलतो. म्हणून प्रत्येक ठिकाणची उंची काटेकोर मोजून हिशेब दुरुस्त करावा लागतो.

जोडीला चुंबकीय सर्वेक्षण असते. काळ्या पाषाणात मॅग्नेटाइट हे लोहखनिज असल्याने तो पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात बारीक चढउतार घडवतो. त्यावरून खडक कुठे बदलतो, भेग कुठून जाते, याचा अंदाज बांधता येतो.

पण अंदाज तो अंदाजच. जवळचा लहान हलका खडक आणि खोलवरचा मोठा हलका खडक उपकरणाला सारखेच भासू शकतात. कोयना आणि कुर्डुवाडी परिसरात कमी गुरुत्वाचे पट्टे आढळले, तेव्हा लाव्हाखाली प्राचीन खचदऱ्या दडल्या असाव्यात, असे अनुमान १९७३ साली मांडले गेले. पुढे २०११ नंतर कोयना परिसरात खोल विंधनविवरे घेतली, तर लाव्हाखाली थेट ग्रॅनाइटसारखा प्राचीन खडक लागला. गाळाचा मागमूसही नाही! किल्लारीत मात्र ३३८ मीटर लाव्हाखाली गाळाचा पातळसा थर सापडला.

म्हणजे सर्वेक्षण वाया गेले का? मुळीच नाही. मोठ्या खर्चाचे विवर नेमके कुठे घ्यावे आणि कोणता प्रश्न विचारावा, हे याच नकाशांवरून ठरते. भूकंपाची तारीख ते सांगत नाहीत. पण आपले घर कोणत्या जमिनीवर उभे आहे, हे जाणून घेण्याची सुरुवात तिथूनच होते.