आईची ऑप्री

कंट्री म्युझिक म्हटलं की आपल्यापैकी बहुतेकांच्या डोळ्यांसमोर काउबॉय हॅट आणि पिकअप ट्रक येतो. वीस-पंचवीस वर्षं इथे काढूनही हे संगीत आपलं नाही, असंच आपण धरून चालतो. माझंही तसंच होतं. म्हणून या दिवाळीत एका अल्बमची शिफारस करतो: आयरिस डिमेंट हिचा १९९२ सालचा 'इन्फेमस एंजल'.

त्या काळात गार्थ ब्रूक्स स्टेडियमं भरवत होता आणि नॅशव्हिलचं कंट्री चकचकीत झालं होतं. त्या झगमगाटापासून दूर, साध्या वाद्यांवर स्वतःची गाणी गाणाऱ्यांच्या प्रवाहाला पुढे 'ऑल्ट-कंट्री' हे नाव मिळालं. आयरिस त्यातलीच. 'फायलो' या छोट्या कंपनीने हा अल्बम काढला, जॉन प्राइनने त्यावर कौतुकाने लिहिलं, जाणकारांनी उचलून धरला. तरी घराघरांत तो पोचला नाही.

आयरिस १९६१ साली आर्कान्सामधल्या पॅरागूल्ड गावी जन्मली, चौदा भावंडांतली शेंडेफळ. ती तीन वर्षांची असताना कुटुंब गाव सोडून कॅलिफोर्नियाला गेलं. म्हणजे तीही एका अर्थी स्थलांतरितांचीच मुलगी. चर्चची भजनं आणि आईचं गाणं एवढं मात्र गावाहून सोबत आलं.

तिचा आवाज पहिल्यांदा दचकवतो. किंचित नाकातला, उघडा, न घासलेला. मला तो जात्यावर ओव्या म्हणणाऱ्या बायकांच्या आवाजाजवळचा वाटतो. कोणाला ऐकवण्यासाठी नव्हे, काम करता करता म्हटलेलं गाणं जसं असतं तसा. गिटार, फिडल, मँडोलिन त्याच्या मागे बेताने चालतात.

सुरुवात 'अवर टाउन'पासून करा. ओस पडलेलं एक गाव पाहून पंचविशीत तिने लिहिलेलं हे पहिलंच गाणं. सगळं आयुष्य जिथे गेलं, त्या गावाचा हा निरोप आहे. 'लेट द मिस्टरी बी'मध्ये, आपण कुठून आलो नि कुठे जाणार यावर भांडणाऱ्यांना ती हसून बाजूला सारते. 'भारत एक खोज'च्या शीर्षकगीतातून नासदीय सूक्त ऐकलेल्यांना हा सूर ओळखीचा वाटेल. २०१५ साली 'द लेफ्टओव्हर्स' मालिकेने ते शीर्षकगीत म्हणून घेतलं, तेव्हा अनेकांना ते नव्याने सापडलं.

पण अल्बमचं काळीज आहे 'मामाज ऑप्री'. 'ग्रँड ओल ऑप्री' हा नॅशव्हिलचा १९२५ पासून चालत आलेला रेडिओ कार्यक्रम. तिथे गावं, हे तिची आई फ्लोरा मे हिचं तरुणपणीचं स्वप्न. गीतरामायणाच्या वेळी रेडिओभोवती बसलेल्या आपल्या आज्या आठवा. त्यांतल्या किती जणींना स्वतः गायचं असेल! फ्लोरा मेचं स्वप्न संसारात राहून गेलं. मुलीने त्यावर गाणं लिहिलं आणि तेवढ्यावर थांबली नाही. अल्बमच्या शेवटी 'हायर ग्राउंड' हे जुनं चर्चगीत आहे, ते पुढे होऊन आई गाते. थकलेला, पण अजिबात न बिचकणारा आवाज.

ऐकून झालं की १९९४ चा 'माय लाइफ' घ्या. त्यातल्या 'नो टाइम टू क्राय'मध्ये वडिलांना मातीत ठेवून मुलगी लगेच विमान पकडून कामावर जाते. नंतर रडायलाही सवड मिळत नाही. दहा दिवसांची रजा काढून भारतात गेलेल्या आणि तेरावा होण्याआधी परतलेल्या आपल्यातल्या कोणाला हे समजावून सांगावं लागेल?

आपल्याही घरांत कोणीतरी आहे, जी भोंडल्याची गाणी पाठ म्हणते आणि 'माझा कसला आवाज' म्हणून विषय टाळते. यंदा ती इथे मुक्कामाला आली, की फोन समोर ठेवून तिला गायला लावा. सोबत तुम्ही नाही गायलात तरी चालेल.