पेशी मेल्या म्हणजे कर्करोग बरा झाला का?

‘अमुक वनस्पतीच्या अर्काने कर्करोगाच्या पेशी नष्ट’ अशी बातमी अधूनमधून छापून येते. मग ती मोबाइलवरून वस्तीभर फिरते आणि आठवड्याभरात कुणाच्या तरी घरी त्याच पाल्याचा काढा उकळू लागतो. बातमी बहुधा खोटी नसते. प्रयोगशाळेत पेशी खरोखरच मेलेल्या असतात. पण त्या कोणत्या पेशी, किती अर्काने मेल्या आणि तिथून रुग्णाच्या खाटेपर्यंतची वाट किती लांब आहे, हे बातमीत क्वचितच असते. या प्रश्नावर माणसाचा जीव अवलंबून असतो, म्हणून तो नीट समजून घेऊ.

प्रयोग कसा होतो?

वनस्पतीची पाने, साल किंवा मुळे धुऊन सावलीत वाळवतात आणि त्यांची भुकटी करतात. ती पाण्यात, इथेनॉलमध्ये किंवा मिथेनॉलमध्ये भिजवून तिच्यातली द्रव्ये उतरवून घेतात. द्रव उडवून लावला की तळाशी चिकट अर्क उरतो. त्या एका अर्कात अनेक रसायने एकत्र असतात.

दुसऱ्या बाजूला असतात भांड्यात वाढवलेल्या मानवी कर्करोगाच्या पेशी. त्यांतल्या सर्वांत जुन्या ‘हेला’ पेशी. अमेरिकेतील बाल्टिमोरच्या रुग्णालयात १९५१ साली हेन्रिएटा लॅक्स या गरीब कृष्णवर्णीय स्त्रीच्या गर्भाशयमुखाच्या कर्करोगातून त्या घेतल्या. तिची परवानगी कुणी घेतली नव्हती. त्याच वर्षी वयाच्या ३१ व्या वर्षी ती वारली. तिच्या पेशी मात्र आजही जगभरच्या प्रयोगशाळांत वाढत आहेत. आपल्याकडे पुण्याचे राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र संशोधकांना अशा पेशी पुरवते.

९६ लहान खळगे असलेल्या प्लास्टिकच्या ताटलीत या पेशी सोडतात. वेगवेगळ्या खळग्यांत अर्क कमी-जास्त प्रमाणात घालतात. काही खळग्यांत अर्क घालतच नाहीत, तर काहींत कर्करोगावरचे माहीत असलेले औषध घालतात, म्हणजे तुलना करता येते. दोन-तीन दिवसांनी एमटीटी नावाचे पिवळे रसायन टाकतात. जिवंत पेशी त्याचे जांभळ्या रंगात रूपांतर करतात. रंग जितका गडद, तितक्या जास्त पेशी जिवंत. निम्म्या पेशींची वाढ रोखायला अर्काचे जे प्रमाण लागते, त्याला ‘आयसी-५०’ म्हणतात. हा आकडा जितका लहान, तितका अर्क प्रभावी. कच्च्या अर्कासाठी दर मिलीलिटरला साधारण २० मायक्रोग्रॅमच्या आतला आकडा पुढे तपासण्याजोगा मानतात.

खरी मेख इथे आहे

ताटलीतल्या पेशी मारणे अवघड नाही. ब्लीचिंग पावडरचे पाणी टाकले तरी त्या मरतात. म्हणून तोच अर्क निरोगी पेशींवरही टाकून पाहावा लागतो. दोन्ही सारख्याच मरत असतील, तर ते औषध नव्हे, नुसते विष झाले. शिवाय काही गडद रंगाचे अर्क एमटीटीच्या रंगात मिसळून मोजणीच चुकवतात. त्यामुळे दुसऱ्या पद्धतीने पडताळणी करणे भाग असते.

ताटलीत अर्क थेट पेशीवर पडतो. शरीरात तसे होत नाही. पोटातले आम्ल, आतडे, यकृत असे टप्पे ओलांडून पदार्थ रक्तात आणि तिथून गाठीपर्यंत पोहोचावा लागतो. हळदीतल्या कर्क्युमिनचे उदाहरण घ्या. ताटलीत ते अनेक प्रकारच्या कर्करोगी पेशी रोखते. पण माणसांना दिवसाला ८ ग्रॅम कर्क्युमिन तोंडावाटे देऊन पाहिले, तेव्हाही रक्तात त्याचा अगदी अल्प अंश सापडला.

सदाफुली, यू आणि नरक्या

याचा अर्थ वनस्पतींत काही नाही असा नव्हे. आजची कर्करोगावरची काही महत्त्वाची औषधे झाडांतूनच आली आहेत. ती कशी आली ते पाहण्यासारखे आहे.

सदाफुलीच्या पाल्याचा चहा जमैकात मधुमेहावर घेत असत. कॅनडात रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बीअर यांनी तो अर्क उंदरांवर तपासला. साखर काही उतरली नाही, पण रक्तातल्या पांढऱ्या पेशी घटल्या. या सुगाव्यावरून १९५८ साली त्यांनी व्हिनब्लास्टिन जाहीर केले. त्याच झाडातून मिळालेले व्हिनक्रिस्टिन आज मुलांच्या रक्ताच्या कर्करोगात दिले जाते. त्याची एका वेळची मात्रा बहुधा २ मिलिग्रॅमच्या वर जाऊ देत नाहीत आणि ते फक्त शिरेतून देतात, कारण जास्त झाले तर मज्जातंतूंना इजा होते. अंगणातल्या सदाफुलीच्या मूठभर पानांत कोणते द्रव्य किती आहे, हे खाणाऱ्याला कसे कळणार?

दुसरी गोष्ट आपल्या नंदुरबारच्या माणसाची. तिथे जन्मलेले, मुंबई विद्यापीठात शिकलेले मनसुख वाणी अमेरिकेत गेले आणि मन्रो वॉल यांच्यासोबत पॅसिफिक यू या झाडाच्या सालीवर काम करू लागले. साल जमवली १९६२ साली. तिच्यातल्या टॅक्सॉल या द्रव्याची रचना १९७१ साली प्रसिद्ध झाली आणि औषध म्हणून मान्यता मिळाली १९९२ साली. एका सालीपासून एका औषधापर्यंत तीस वर्षे! अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने १९६० ते १९८२ या काळात एक लाखाहून अधिक वनस्पती-अर्क तपासले. त्यांतून औषध झाली ती मोजकीच द्रव्ये.

याच वॉल आणि वाणी यांनी १९६६ साली एका चिनी झाडातून कॅम्प्टोथेसिन शोधले. आपल्या सह्याद्रीतल्या नरक्या या झाडातही तेच द्रव्य आहे आणि त्यापायी त्याची बेसुमार तोड झाली. हे द्रव्य रुग्णांना देऊन पाहिले तेव्हा मूत्राशयाला इजा आणि तीव्र जुलाब होऊ लागले, म्हणून चाचण्या थांबवाव्या लागल्या. पुढे त्याच्या रचनेत बदल करून टोपोटेकॅन आणि इरिनोटेकॅन ही औषधे तयार झाली. शुद्ध द्रव्याची ही गत, तर कच्च्या सालीच्या काढ्याचे काय?

थांबण्याची किंमत

अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, बरा होण्याजोगा कर्करोग असूनही फक्त पर्यायी उपचार घेतलेल्या २८१ रुग्णांची तुलना प्रस्थापित उपचार घेतलेल्यांशी केली. पहिल्या गटात मृत्यूचा धोका अडीच पट आढळला. स्तनाच्या कर्करोगात तर तो पाच पटींहून अधिक होता. काढ्यावर घालवलेल्या महिन्यांत गाठ वाढत राहते आणि शस्त्रक्रियेने निघणारा रोग हाताबाहेर जातो. पैसाही जातो, कारण असे चूर्ण विकणारा ते फुकट देत नाही.

म्हणून अशी बातमी हाती आली की पाच प्रश्न विचारा. प्रयोग ताटलीत झाला, प्राण्यांवर की माणसांवर? निरोगी पेशींवर काय परिणाम झाला? किती प्रमाण लागले? माणसांवर चाचणी झाली असेल तर किती जणांवर आणि तुलना कशाशी? बातमी सांगणाराच ते औषध विकतो आहे का?

उपचार चालू असताना घरचा काढा किंवा चूर्ण घेत असाल, तर डॉक्टरांपासून लपवू नका. काही वनस्पती केमोथेरपीच्या औषधांचा परिणाम कमी-जास्त करतात. डॉक्टर रागावतील म्हणून गप्प बसण्यात धोका आपलाच आहे.

तोंडात दोन आठवड्यांनंतरही न भरणारा व्रण, स्तनात गाठ, पाळी बंद झाल्यावर पुन्हा रक्तस्राव अशी लक्षणे दिसली तर सरकारी रुग्णालयात लगेच तपासून घ्या. खर्चाच्या भीतीने घरी बसू नका. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाच्या अनेक उपचारांचा समावेश आहे. रेशनकार्ड आणि आधारकार्ड घेऊन योजनेतल्या रुग्णालयातील आरोग्यमित्राला भेटा. आजीबाईंना किंवा शेजारच्या ताईंना एकट्याने जाणे जमत नसेल, तर वस्तीतल्या एखाद्या शिकलेल्या मुलाने किंवा मुलीने त्यांच्यासोबत जावे. कागदपत्रे आणि रांगा यांतच पुष्कळ जण माघारी फिरतात.