हलकें भरीत

पानांत डावीकडे वाढावयाचें भरीत बहुधा तेलामुळें जड होतें. खानदेशांत पऱ्हाटीवर भाजलेल्या वांग्याचें भरीत तेलांत न्हाऊन निघतें. चव अप्रतिम, परंतु मंदाग्नि झालेल्या वडीलधाऱ्या मंडळींस तें सोसत नाहीं. मग त्यांच्या वाट्यास अळणी उकडलेली भाजी येते, हा मला अन्याय वाटतो. त्यांच्याकरितां तांबड्या भोपळ्याचें भरीत करावें. फोडी पाण्यांत न शिजवितां वाफवाव्या. पाण्यांत त्यांची गोडी उतरते. निवल्यावर हातानें कुसकराव्या, अगदीं लगदा करूं नये. वर घट्ट, गोडसर दहीं व कोथिंबीर घालावी. फोडणी मात्र टाळूं नये. चमचाभर तुपांत मोहरी, हिंग व मिरचीचा तुकडा पुरे. हिंगाचा वास तुपांत खुलतो. मीठ पानें घेतांना घालावें, आधीं घातल्यास पाणी सुटतें.